काळ्या रानाखालचे भ्रंश

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारा आवाज आता कुणाला नवा राहिलेला नाही. आधी गुरगुर होते, मग कधी झटका बसतो, कधी तोही बसत नाही. पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात, लोक अंगणात येऊन थांबतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर आली. मग १० जुलैला पुन्हा ४.५. अशा प्रत्येक सकाळी मराठवाड्यात एकच प्रश्न फिरतो: किल्लारीसारखं होणार का?

हा प्रश्न भाबडा नाही, त्यामागे आठवण आहे. १९९२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची रांग लागली होती. सव्वाशेच्या आसपास धक्के झाले, त्यातला सगळ्यात मोठा १८ ऑक्टोबरचा. मग जमीन शांत झाली. जवळपास वर्षभरानं, ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप आला. औसा तालुक्यातलं किल्लारी, आताच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि तेरणाकाठची कितीतरी गावं मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

आज त्या १९९२ च्या धक्क्यांना आपण सहज ‘पूर्वधक्के’ म्हणतो. पण मोठा धक्का होऊन गेल्याशिवाय हे नाव देताच येत नाही. पुढे काहीच झालं नसतं, तर त्याच नोंदी एक झुंड म्हणून कागदावर राहिल्या असत्या. झुंड म्हणजे असे पुष्कळ धक्के, ज्यांत एकही बाकीच्यांहून ठळकपणे मोठा नसतो. नांदेड शहरानं २००६ नंतरची काही वर्षं असे धक्के सोसले. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून शेकडो धक्के झाले. दोन्हीकडे किल्लारी घडली नाही. पूर्वधक्का आणि झुंडीतला धक्का यांच्या आलेखात ओळख पटेल असा फरक अजून कुणालाही सापडलेला नाही. भूकंपाच्या नोंदी नीट ठेवल्या जाणाऱ्या प्रदेशांतला ढोबळ अनुभव असा, की शंभर धक्क्यांपैकी पाचेकांच्या मागोमाग, काही दिवसांत आणि जवळपासच, त्याहून मोठा धक्का येतो. म्हणजे पंचाण्णव वेळा काही होत नाही. पण उरलेल्या पाचांपैकी आपला धक्का कुठला, हे आधी सांगता येत नाही.

मोठ्या धक्क्यानंतर मात्र जमीन बरीच शिस्त पाळते. १८९१ च्या नोबी भूकंपानंतरचे धक्के मोजून जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये ती मांडली. पहिल्या दिवशी शंभर धक्के असतील, तर दहाव्या दिवशी दहाच्या घरात आणि शंभराव्या दिवशी एखादा. त्यातला सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य धक्क्याहून साधारण १.२ नं कमी असतो. हा नियम सरासरीचा आहे, हमीचा नाही. हिंगोलीच्या मार्चमधल्या दोन धक्क्यांची जोडी या चौकटीत जेमतेम बसते, पण जुलैमध्ये पुन्हा तितकाच मोठा धक्का आला आणि चौकट मोडली. माझ्या मते म्हणून तिथल्या हालचालींना आज झुंड समजणं जास्त बरोबर आहे.

आता थोडं खाली उतरू. मराठवाड्यातला भूकंप समजून घ्यायला सगळ्यात मोठी अडचण आपल्या पायाखालीच आहे. वर काळी माती, तिच्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, आणि त्यांच्याखाली ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना पायाचा खडक. किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे एनजीआरआयनं, तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, ३३८ मीटरवर संपला, मग आठेक मीटर गाळाचा थर लागला आणि त्याखाली पायाचा खडक. भूकंप घडवणारे भ्रंश, म्हणजे ज्यांवरून खडकाचे भाग एकमेकांवर सरकतात त्या भेगा, याच खडकात, काही किलोमीटर खोल आहेत. लाव्हा वाहिला तेव्हा त्यानं त्यांच्यावर पांघरूण घातलं. काळी माती तर दर उन्हाळ्यात भेगाळते, दर पावसाळ्यात फुगते, वर नांगर फिरतो. जमिनीवर उमटलेली लहानशी पायरी ती फार काळ टिकू देत नाही.

किल्लारीला भ्रंश जमिनीपर्यंत आला. गावाजवळच्या रानात एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात, तुटक तुटक, जास्तीत जास्त मीटरभराच्या आतबाहेर उंचवटा उठला. खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर वेगानं उत्तर-ईशान्येकडे सरकत हिमालयाशी भिडतो. तो दाब सगळ्या द्वीपकल्पातून जातो आणि जुन्या कच्च्या जागी साचतो. साचण्याचा वेग फार मंद असल्यानं एकाच भ्रंशावरच्या दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षं जाऊ शकतात. आपल्या नोंदी शेदोनशे वर्षांच्या. ‘इथे कधी भूकंप झाला नाही’ या वाक्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. किल्लारीपूर्वी लातूर-उस्मानाबादचा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित मानलेल्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या नकाशात तो पहिला झोनच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या झोनमध्ये गेला.

झाकलेला भ्रंश पाहायचा कसा? इथे लहान धक्के उपयोगी पडतात. प्रत्येक धक्क्यातून दोन मुख्य लाटा निघतात. पहिली वेगवान, खडकात सेकंदाला सहाएक किलोमीटर. दुसरी साडेतीनच्या आसपास, पण जास्त हलवणारी. गुरगुर बहुधा पहिलीची असते. उगम उथळ आणि वरचा खडक कठीण असेल, तर तिची कंपनं हवेत उतरून कानाला ऐकू येतात. दोन्ही लाटांमध्ये जितके सेकंद जातील, त्याला आठनं गुणलं की उगमाचं अंतर किलोमीटरमध्ये ढोबळ मिळतं. गुरगुर आणि झटका जवळजवळ एकदमच आले, तर उगम अगदी जवळ आहे. असे आकडे धक्के नोंदवणाऱ्या तीन-चार केंद्रांवरून मिळाले की जागा ठरते. पण केंद्रं शंभर-शंभर किलोमीटरवर असतील, तर ती जागा कित्येक किलोमीटरनं चुकते, आणि मग नकाशावर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात.

ही चूक कमी करायची एक युक्ती आहे. लातूरहून उमरग्याला जाणाऱ्या दोन एसटी एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं धावल्या, तर रस्ता कसा आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. त्यांच्या पोचण्यातला फरक फक्त निघण्यातला फरक सांगतो. शेजारी शेजारी झालेल्या दोन धक्क्यांच्या लाटाही केंद्रापर्यंत जवळपास त्याच खडकातून येतात. त्यांच्या वेळांची वजाबाकी केली की खडकाबद्दलचं अज्ञान गळून जातं आणि दोन उगमांमधलं अंतर नेमकं हाती येतं. शेकडो धक्क्यांवर ही वजाबाकी केली, की विखुरलेले ठिपके एका प्रतलावर, म्हणजे पत्र्यासारख्या सपाट पातळीवर, येऊन बसतात. ते प्रतल म्हणजे भ्रंश. त्याची लांबी आणि कल दोन्ही मोजता येतात, आणि तो जास्तीत जास्त केवढा धक्का देऊ शकेल याचा अंदाजही बांधता येतो. म्हणून झुंड चालू असताना गावागावांत जवळजवळ यंत्रं बसवणं, हे मला आजचं सगळ्यात निकडीचं काम वाटतं. धक्के थांबले की ही संधी जाते.

न्यूझीलंडमध्ये नद्यांच्या गोट्यांनी भरलेल्या कँटरबरीच्या मैदानाखाली असाच एक भ्रंश दडला होता. ४ सप्टेंबर २०१० ला तिथे ७.१ चा भूकंप झाला. मोठी जीवितहानी टळली. पण त्याच मालिकेतला २२ फेब्रुवारी २०११ चा ६.२ चा धक्का क्राइस्टचर्च शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता. त्यात १८५ माणसं गेली. ऑस्ट्रेलियातलं टेनंट क्रीकही आपल्यासारखंच, भूखंडाच्या पोटातलं ‘स्थिर’ ठिकाण. तिथे २२ जानेवारी १९८८ ला अर्ध्या दिवसात सहाच्या वरचे तीन भूकंप झाले. एका भ्रंशावरचा ताण सुटला की शेजारच्या भ्रंशावर तो वाढू शकतो, म्हणून पहिल्या धक्क्यानंतर तडकलेल्या घरात परत जाऊन झोपणं धोक्याचं असतं.

‘लहान धक्क्यांनी जमिनीतली वाफ निघून जाते, मोठा टळतो’ असंही ठिकठिकाणी ऐकू येतं. हिशेब करून पाहू. तीव्रता एकनं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४.५ आणि ६.२ मध्ये साडेतीनशे पटींचं अंतर पडतं. किल्लारीएवढी ऊर्जा सोडायला हिंगोलीसारखे साडेतीनशे धक्के लागतील. असं घडत नाही.

पाण्याचा प्रश्नही निघतोच. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, आणि धरणाच्या पाण्याचा तिथल्या धक्क्यांशी संबंध पुढे दशकानुदशकांच्या नोंदींतून पक्का झाला. भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की भ्रंशाच्या दोन बाजूंची पकड सैल होते. किल्लारीजवळच्या माकणी धरणाबद्दल तशी चर्चा झाली, पण एकमत झालं नाही. सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर ही धरणं हिंगोलीच्या जवळ आहेत, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. जलाशयाची पातळी, विहिरींची पातळी, पाऊस आणि धक्के यांच्या तारखा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडाव्या लागतील.

आणि घरं. किल्लारीत माणसं मेली ती भिंतींखाली आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या जड सपाट छतांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती होत्या, पण आत-बाहेर दगडांचे दोन वेगळे थर, मध्ये भर, आणि सांधायला नुसती माती. हादऱ्यात ते दोन थर एकमेकांपासून सुटले. बऱ्याच घरांतले लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, भिंती कोसळल्या. भिंत आरपार सांधणारे लांब दगड, आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, या दोन गोष्टींनी दगडाचं घरही बरंच सावरतं. पट्टा गवंड्याला आधीच सांगून घालून घ्यावा लागतो. हिंगोली-नांदेडकडच्या गावांत अजून माळवदं आहेत. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यांच्यावर नवी माती पसरतात, जुनी तशीच राहते, आणि वर्षागणिक डोक्यावरचं ओझं वाढत जातं. माती टाकण्याआधी जुना थर खरवडून खाली उतरवायला दोन माणसं आणि एक-दोन दिवस पुरतात.