पुरात जनावर दगावलं तर भरपाईचा कागद कुठं अडतो

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. दारातल्या म्हशीच्या कानातला बारा आकडी नंबर विचारा, घरात कुणाला सांगता येत नाही. भरपाईची फाईल नेमकी तिथंच अडते.

राज्य सरकारनं 2024 पासून नियम कडक केलाय. कानात बिल्ला नसेल, तर नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई नाही. बिल्ला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून मिळतो, त्यात अवघड काही नाही. अवघड पुढंच आहे. वडगावच्या बाजारातून म्हैस आणली, कानात बिल्ला आहे म्हणून आपण निर्धास्त. पण ऑनलाइन नोंदीत मालक म्हणून अजून विकणाऱ्याचंच नाव! म्हैस तुमच्या दावणीला मेली तरी कागदावर ती दुसऱ्याची. तेव्हा जनावर घरी आणल्यावर आठवड्याभरात दवाखान्यात जाऊन मालकाचं नाव बदलून घ्या. बिल्ला तुटून पडला असेल तर नवा मारताना जुना नंबरही सांगा.

आणि जनावर वाहूनच गेलं तर? बिल्लाही त्याच्याबरोबर गेला. "शवविच्छेदन अहवाल आणा" म्हणणारा टेबलामागचा माणूस भेटतोच. नदीनं नेलेल्या म्हशीचं शवविच्छेदन कुठं करायचं, हे तो सांगत नाही. अशा वेळी सगळा भार पंचनाम्यावर येतो. 'वाहून गेले' हे शब्द, बिल्ल्याचा नंबर आणि शेजाऱ्यांच्या पंच म्हणून सह्या त्यात आल्याच पाहिजेत. दूध संस्थेचं पुस्तकही दाखवा, म्हैस दुभती होती हे त्यातल्या तारखांवरून दिसतं. म्हणून मे महिन्यातच प्रत्येक जनावराचा कानासकट फोटो काढा आणि पूर न येणाऱ्या गावातल्या पाहुण्याच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. आपला मोबाईलही भिजतो, हे 2019 च्या पुरात बऱ्याच जणांना कळलं.

मेलेलं जनावर हाती लागलं तर वास सुटला म्हणून घाईनं पुरू नका. आधी तलाठ्याला आणि पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवा, शवविच्छेदन आणि पंचनामा होऊ द्या, मग पुरा. 72 तासांची मुदत आहे असं लोक छातीठोक सांगतात. ती पीक विम्याची गोष्ट. इथं घड्याळ मेलेल्या जनावराचंच चालतं, चौथ्या दिवशी डॉक्टरनं बघावं असं काही उरत नाही. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी आजारानं मेलेलं जनावर 'पुरामुळे' म्हणून मान्य व्हायला फार जड जातं. तेव्हा घटसर्पाची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या.

भरपाईचे दर केंद्र सरकारच्या निकषांतले, 2022-23 ते 2025-26 साठी ठरलेले: गाय-म्हैस 37,500 रुपये, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. कोंबडीला 100 रुपये, पण एका घराला जास्तीत जास्त 10,000. मोठी दुभती जनावरं एका घराची तीनच धरतात. पाच म्हशी गेल्या तरी तीनच, हे ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघवत नाही. एखाद्या वर्षी सरकार वेगळा निर्णय काढतं, म्हणून पंचनाम्यात गेलेली सगळी जनावरं लिहायला लावा.

बाकी कागद नेहमीचे: आधार, बँकेचं पासबुक. पैसे थेट खात्यावर येतात, खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा. पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागा, निदान मोबाईलवर फोटो तरी घ्या. "नंतर या" म्हटलं की ती प्रत सहसा मिळत नाही.

पाणी गल्लीत शिरायला लागलं आणि जनावरं हलवायला वेळच नसेल, तर दावी सोडा. मोकळी म्हैस पोहून जाते, बांधलेली जागेवर मरते. मदतीला जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, जनावरांच्या डॉक्टरसाठी 1962.