काचेपलीकडचा ‘स’

बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीनं आईला सांगितलं, “आजी, फॉर्म साठ भरा.” आईला ऐकू आलं, “फॉर्म आठ.” मुलीनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर अख्ख्या रांगेला ऐकू गेलं, आईला मात्र ‘आठ’च. वर पंखा घरघरत होता, शेजारी पासबुक प्रिंटर करकरत होता. शेवटी आईनं नुसती मान डोलावली. ती तशी मान डोलावते तेव्हा तिला काहीच कळलेलं नसतं, हे मला आता ठाऊक झालंय.

‘साठ’मधला ‘आ’ खालच्या पट्टीतला, दणदणीत. ‘स’ म्हणजे नुसती हवेची सळसळ, आणि तिचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर, म्हणजे फार उंच पट्टीत असतो. वय वाढतं तशा आतल्या कानाच्या शंखातल्या केसपेशी मरत जातात. उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात, त्या सहसा आधी जातात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. “आवाज येतो गं, शब्द लागत नाही,” असं म्हातारी माणसं म्हणतात, ते अक्षरशः खरं असतं.

ओरडून हे सुटत नाही. आवाज चढवला की जोर येतो तो मुख्यतः ‘आ’सारख्या स्वरांना. ‘स’, ‘फ’, ‘थ’ त्या मानानं मागेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोललेलं एकदम टोचतं. त्यात मधली काच नेमके उंच पट्टीतले आवाज जास्त अडवते, आणि तिच्यावर ट्यूबलाइट चमकत असली की ओठही दिसत नाहीत.

कानाचं मशीन आहे की मग? आहे, पण त्याचा माइक आईच्या कानापाशी असतो, मुलीच्या तोंडापाशी नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. मुलीचा आवाज असा विरत येतो, पंखा मात्र डोक्यावरच असतो, आणि मशीन दोन्ही वाढवून देतं.

यावरचा एक उपाय मला फार सुंदर वाटतो, इंडक्शन लूप, आणि तो जुना आहे. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. कर्मचाऱ्याच्या तोंडाजवळ माइक, त्याला अँप्लिफायर, आणि काउंटरखाली तारेचं एक वेटोळं. बोलण्याबरहुकूम तारेतला प्रवाह बदलतो, भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मशीनमध्ये टी-कॉइल नावाची इवलीशी गुंडाळी असते. मशीन ‘टी’वर टाकलं की ती हे क्षेत्र पकडते आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्यांत जे घडतं तेच इथं काउंटर आणि कानात घडतं. पंखा त्या माइकपासून लांब असतो, म्हणून त्याची घरघर मागे पडते. ब्रिटनमध्ये तिकीट खिडक्यांवर, बँकांत कान आणि ‘टी’ अक्षराची पाटी दिसते, ती याचीच. आमच्या गावातल्या एकाही काउंटरवर मला ती दिसलेली नाही. शिवाय अगदी छोट्या मशीनमध्ये टी-कॉइल बसवायला जागा नसते, त्यामुळे मशीन घेतानाच ऑडिऑलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, विचारून घ्यावं. आता एकाच वेळी अनेकांच्या मशीनमध्ये थेट आवाज पाठवणारं, ब्लूटूथवरचं ऑराकास्टही आलंय, पण त्याला नवी मशीनं लागतात.

फोनवरही सोय आहे. बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये २०१७ पासून मराठी आहे. फक्त फोन आपल्या हातात न ठेवता बोलणाऱ्याच्या पुढ्यात धरायचा. कारण तेच, अंतराचं.

पुढच्या खेपेला त्या मुलीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा, आणि आकडा असेल तर लिहून द्या, इतकंच सांगितलं. आता आई समोर आली की ती आधी प्रिंटर थांबू देते, मान वर करून काचेच्या फटीशी येते आणि म्हणते, “आजी, पॅन कार्ड नाही ना, म्हणून हा फॉर्म.” मग पे-इन स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात ‘६०’ लिहून पुढे सरकवते.