कोटा वाढला म्हणजे मासा वाढला, असं नसतं

कोट्याची बातमी आली की मासा वाढला की घटला याचा निकाल लोक तिथेच लावून टाकतात. हे थांबायला हवं. उदाहरण पॅसिफिक हेकचं घेतो, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका माशाचं. हिवाळ्यात हा मासा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बाजूला अंडी घालतो आणि उन्हाळ्यात किनाऱ्याने वर चढत कॅनडाच्या हद्दीत शिरतो. साठा एक, मालक दोन.

कोटा सगळ्यांना ठाऊक आहे: यंदा इतके टन धरायचे, बस्स. 2003 च्या करारानुसार त्यातले 73.88 टक्के अमेरिकेचे, 26.12 टक्के कॅनडाचे.

त्याचा घोळ होतो तो साठ्याच्या अंदाजाशी, म्हणजे समुद्रात मासा किती आहे या अंदाजाशी. हा अंदाज दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ मिळून काढतात. सर्वेक्षणाचं जहाज किनाऱ्याला काटकोनात रेषा मारत जातं, ध्वनिलहरी सोडून थवे टिपतं. थवा हेकचाच आहे ना, हे जाळं टाकून तपासतात. मग माशाच्या कानातल्या बारीक खड्यावरची वलयं मोजून वय ठरवतात. इतकं करूनही वर्षभराची पिल्लं नीट मोजता येत नाहीत, आणि पुढची मासेमारी तर त्यांच्यावरच उभी असते. 2010 मध्ये जन्मलेली एकच पिढी कितीतरी वर्षं पुरली. म्हणून हाती येतो तो ठाम आकडा नसतो, कमीत कमी इतका ते जास्तीत जास्त इतका असा पल्ला असतो. सोबत एक तक्ता असतो: इतके टन धरले तर पुढच्या वर्षी साठा घटण्याची शक्यता किती. मला विचाराल तर अख्ख्या अहवालात सर्वांत मोलाचं पान हेच. बातमीत मात्र ते कधीच येत नाही.

त्या तक्त्यातली कुठली जोखीम पत्करायची, हे दोन्ही देशांची संयुक्त व्यवस्थापन समिती ठरवते. तोच कोटा. 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षं तो 5,97,500 टनच राहिला. अंदाज मात्र दरवर्षी नव्याने निघत होता. 'शास्त्रज्ञांनी कोटा ठरवला' हे वाक्य म्हणूनच साफ चूक आहे.

प्रत्यक्ष पकड ही आणखी तिसरी गोष्ट. ती कोट्याच्या खालीही राहते.

आणि 73.88 टक्के हा वाटा करारातला आहे, मासा कुठे आहे हे तो सांगत नाही. मोठे, वयाने जास्त मासे अधिक उत्तरेला जातात. साठ्यात लहान मासेच जास्त असले की कॅनडाच्या बाजूला कमी दिसतात. त्यावरून 'कॅनडाचा साठा संपला' असं कुणी लिहिलं की चीड येते. कॅनडाचा असा वेगळा साठा नाहीच.