पार्श्वभूमी : पॅलासाइट गाभ्याच्या काठावर घडले का?

पॅलासाइट या अश्म-लोह, म्हणजे दगड आणि धातू मिसळलेल्या अशनीची घासून पातळ केलेली चकती उजेडासमोर धरली की लोखंड-निकेलच्या जाळीतले ऑलिविन या खनिजाचे मधाळ, हिरवट खडे आरपार उजळतात. पॅलस या लघुग्रहाशी मात्र या नावाचा काही संबंध नाही. १७७२ मध्ये सायबेरियातला अशा अशनीचा सुमारे ७०० किलोचा गोळा पाहून त्याची नोंद करणाऱ्या पीटर सायमन पॅलास या निसर्गशास्त्रज्ञावरून ते पडलं. लघुग्रह सापडला १८०२ मध्ये.

सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या लहान ग्रहपिंडांना ॲल्युमिनियम-२६च्या किरणोत्सारी उष्णतेने वितळवलं. लोखंड तळाशी जाऊन गाभा झाला, वर ऑलिविनचं प्रावरण, म्हणजे गाभा आणि कवच यांच्यामधला थर, उरलं. गाभा आणि प्रावरण जिथे भेटतात तिथेच पॅलासाइट तयार झाले, हे चित्र अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसलं.

चित्र सुबक आहे, पण टिकत नाही. वितळलेल्या धातूची घनता ऑलिविनच्या दुपटीहून जास्त. दोन्ही एकत्र राहावेत कसे? त्यात धातू उष्णता झटकन वाहून नेतो, त्यामुळे गाभ्याच्या काठावर सगळीकडे थंड होण्याचा वेग जवळपास सारखाच हवा. २०१० मधल्या मोजमापांत पॅलासाइटांच्या मुख्य गटातल्या नमुन्यांचे वेग दहा लाख वर्षांना २.५ ते १८ अंश असे विखुरलेले निघाले.

निर्णायक वाटतो तो २०१२ चा चुंबकीय पुरावा. चिलीतल्या इमिलाक आणि अर्जेंटिनातल्या एस्केल इथे सापडलेल्या पॅलासाइटांच्या ऑलिविनमधल्या धातूच्या सूक्ष्म कणांत पिंडाच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राचा ठसा मिळाला. तो उमटायला कण सुमारे ३६० अंश सेल्सिअसखाली यावे लागतात. आणि क्षेत्र टिकायला गाभा द्रवरूप, म्हणजे कितीतरी जास्त तापलेला हवा. इतक्या तापलेल्या गाभ्याला चिकटून असलेला दगड तेव्हाच ३६० अंशांवर असणं शक्य नाही. म्हणजे हे तुकडे वर, प्रावरणातच थंड झाले.

मग धातू तिथे पोहोचला कसा? एका मतानुसार टकरीत दुसऱ्या पिंडाच्या गाभ्यातला द्रव प्रावरणात घुसला. २०२० मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार पिंडाचा स्वतःचाच गाभा गोठताना उरलेला, गंधकाने हलका झालेला द्रव भेगांतून वर चढला.

मेसोसिडेराइट हा अश्म-लोह अशनींचा दुसरा गट. त्यातला दगड मुख्यतः बसाल्टी, कवचातला; प्रावरणाचं ऑलिविन अगदी थोडं. २०१९ मध्ये त्यांच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या वयावरून धातू-दगड मिसळण्याचा काळ सुमारे ४५२.५ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला गेला आणि कारण म्हणून मोठी टक्कर पुढे आली.

पॅलासाइटच्या चकतीत मात्र काही खडे अजून धारदार कोनांचे दिसतात, काही गुळगुळीत गोल. गोल खडे तापलेल्या धातूत दीर्घकाळ राहिले. धारदार खड्यांभोवतीचा धातू लवकर गोठला.