कापोसी सार्कोमा: गाठ तीच, पेशंट वेगळे

कापोसी सार्कोमा म्हणजे बहुतेकदा कातडीवर जांभळट डाग किंवा गाठी आणणारा कॅन्सर. त्याचे चार प्रकार असं वाचलं की वाटतं चार वेगवेगळे कॅन्सर असतील, पण तसं नाहीये. चारही प्रकारांतल्या गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला तर जवळपास सेमच दिसतो, फरक आहे तो कुणाला झाला यात.

सुरुवात व्हिएन्नात. मोरित्झ कापोसी हा स्किनचा डॉक्टर, मूळ आडनाव कोन, जन्म हंगेरीतल्या कापोश्वारचा, त्या गावावरून १८७१ मध्ये त्याने आडनाव बदललं (म्हणजे आजाराला एका गावाचंच नाव लागलंय म्हणा ना). पुढच्याच वर्षी त्याने पाच पुरुष पेशंटचं वर्णन छापलं. हा आजचा क्लासिक प्रकार: भूमध्य समुद्राकाठचे, पूर्व युरोपातले किंवा ज्यू वंशाचे म्हातारे पुरुष, पावलांवर आणि पोटऱ्यांवर जांभळट डाग, बहुतेक वेळा दुखत नाही, खाजत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं.

मग १९५०-६० च्या सुमाराला लक्ष गेलं युगांडा आणि आजूबाजूच्या देशांकडे, तिथे हा आजार चांगलाच कॉमन निघाला, आणि तोही तरुणांना, अगदी लहान पोरांनासुद्धा, पोरांमध्ये तर कातडी साफ पण लिम्फच्या गाठी सुजलेल्या. तिसरा प्रकार किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांचा. इम्युनिटी दाबायच्या गोळ्यांमुळे होतो, आणि त्या कमी केल्या किंवा बदलल्या की कधीकधी डाग आपोआप विरतात, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

चौथा सगळ्यांना माहीत असलेला. ३ जुलै १९८१, अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी आरोग्य संस्था) बुलेटिनमध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ गे पुरुषांची नोंद, बरेचसे तरुण. डाग आता चेहऱ्यावर, नाकाच्या शेंड्यावर, तोंडात टाळूवर पण, लोक मेकअप लावून झाकायचे कारण डाग दिसला की एड्स आहे हे जगाला कळायचं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. हिमोफिलियावाल्यांना (ज्यांचं रक्त नीट गोठत नाही) बाहेरून दिलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला तरी त्यांच्यात हा कॅन्सर क्वचितच, गे पुरुषांत मात्र भरपूर, असं का? १९९० मध्ये संशोधक व्हॅलेरी बेरल आणि सहकाऱ्यांनी सरळ मांडलं की एचआयव्ही सोडून दुसरा कुठलातरी जंतू असणार, सेक्समधून पसरणारा. चारच वर्षांनी युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोला गाठीच्या तुकड्यात एका नवीन हर्पीस व्हायरसचे अंश सापडले, त्याचंच नाव एचएचव्ही-८. नंतर जुन्या तिन्ही प्रकारांतही तोच निघाला! हा थुंकीतूनही पसरतो, त्यामुळे आफ्रिकेत तो लहानपणीच अंगात शिरतो. अंगात असला तरी बहुतेकांना काहीच होत नाही, इम्युनिटी ढासळली की मग डोकं वर काढतो.

आपल्याकडे एचआयव्हीचे इतके पेशंट असूनही कापोसी क्वचितच दिसतो, कारण हा व्हायरसच इथे फारसा नाही. आणि आता काही डॉक्टर पाचवा प्रकारही मोजतात, एचआयव्ही नसलेले गे पुरुष, म्हणजे पुन्हा गाठ तीच.