बॅटरी बसली की डायनमो गेला?

सकाळी चावी फिरवली की नुसतं 'कट-कट' होतं, सेल्फ काही घेत नाही. शेजारचे काका गॅलरीतूनच निकाल देतात, "बॅटरी बसली." बॅटरी बसलेली असतेच, त्यात काका चुकत नाहीत. पण ती स्वतःहून बसली की तिला उपाशी ठेवलं गेलं, हे गॅलरीतून दिसत नाही.

सातारकरांना हा फरक कास तलावाच्या पाण्यावरून चटकन कळेल. कासची पाइपलाइन फुटली तरी घरातले नळ लगेच कोरडे पडत नाहीत, गच्चीवरची टाकी काही वेळ पुरते. टाकी रिकामी झाली म्हणून कोणी नवी टाकी आणत नाही. गाडीत बॅटरी ही टाकी आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, हा कासचा तलाव. आपल्याकडचे मेकॅनिक अल्टरनेटरला अजूनही 'डायनमो'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवणं. इंजिन सुरू झालं की दिवे, वायपर, ब्लोअर, इंधनाचा पंप हे सगळं डायनमो चालवतो आणि उरलेल्या करंटवर बॅटरी भरतो.

मी मात्र नवी टाकी आणली होती. जुलैतल्या एका रात्री पुण्याहून येताना खंबाटकी घाटात डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. म्हटलं, उद्या बघू. भुईंजजवळ वायपर रेंगाळायला लागले, आनेवाडी टोलनाक्यावर हेडलाइट पिवळे पडले आणि लिंब फाट्याच्या अलीकडे गाडी बंद. एका टेम्पोवाल्यानं केबल लावून सुरू करून दिली. केबल काढल्यावर पाच मिनिटांत पुन्हा थंड. दुसऱ्या दिवशी टो करून आणली आणि नवी बॅटरी बसवली. दुकानदारानं मीटर लावला नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नवी बॅटरीसुद्धा बसली. मग गोडोलीतल्या गाड्यांच्या एका वायरमनकडे गेलो. बॉनेट उघडायच्या आधी त्यानं एकच विचारलं, "दादा, पहिल्यांदा बंद पडली तेव्हा गाडी उभी होती का पळत होती?"

अर्धं निदान या प्रश्नातच आहे. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू होत नाही, पण जंपर केबलनं सुरू केल्यावर दिवसभर बिनतक्रार पळते, तर संशय बॅटरीवर. चालता चालता दिवे मंदावत गाडी मेली, तर डायनमोवर. हिशेबही सोपा आहे. हॅलोजनचे दोन हेडलाइट 55 वॅटचे, म्हणजे साधारण 9 अँपिअर. त्यात ब्लोअर, वायपर, पंप आणि इग्निशन धरलं की पावसाळी रात्री 25-30 अँपिअर सहज जातात. लहान पेट्रोल गाडीच्या 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एकटीवर हा भार पडला तर ती तासभरही तग धरत नाही. खंबाटकी ते लिंब फाटा, बरोबर तेवढंच.

आणि तो लाल दिवा! त्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार बहुतेक वेळा डायनमोची असते. बॅटरी म्हातारी झाली म्हणून तो सहसा लागत नाही, चार्जिंग होत नाही म्हणून लागतो. चावी ऑन केल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा.

मल्टिमीटर असेल तर वादच उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून काटा बघा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली घसरली तर तिचं वय झालं. आता इंजिन सुरू ठेवून मोजा. 13.8 ते 14.5 आलं तर डायनमो कामावर आहे. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, थोडा ॲक्सिलरेटर देऊनही आकडा 13.5 च्या वर टिकायला हवा. इंजिन चालू असूनही 12.3 वगैरेवरच अडकला आणि उतरतच राहिला, तर चार्जिंग शून्य. 15 च्या वर गेला तर डायनमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळून मारेल आणि खापर पुन्हा बॅटरीवरच फुटेल. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एकदाच 12.8 दिसलं म्हणून घाबरू नका, दिवे लावल्यावर आकडा चढतो का ते पाहा.

काही जुने मिस्त्री चालू इंजिनात बॅटरीची टर्मिनल काढून 'डायनमो बघतात'. कोणाला करू देऊ नका. व्होल्टेजचा झटका बसून ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, उडू शकतो, आणि त्यापुढे बॅटरी आणि डायनमो दोन्ही स्वस्त वाटतील.

दोघांच्या मधले चोरही असतात: सैल बेल्ट (सुरू करताना किंचाळतो), टर्मिनलवर साठलेला पांढरा-हिरवा क्षार, ढिली अर्थिंग. सगळ्यात फसवा म्हणजे डायनमोतला खराब डायोड, करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. दिवसा चार्जिंग ठीकठाक दिसतं आणि रात्री तोच बॅटरी पितो. रात्रभर बंद असलेल्या गाडीचा डायनमो सकाळी कोमट लागला तर समजा चोर सापडला.

उलट बाजूही आहे. अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावात फौजी सुट्टीवर येतो, चार महिने उभी असलेली गाडी सुरू होत नाही. तिथे डायनमो खोलायचं कारण नाही. बॅटरी काढून तीन-साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास सावकाश चार्ज करायची. धक्का मारून सुरू करून साताऱ्याला एक फेरी मारली तर ती भरत नाही. डायनमो बॅटरीची पातळी राखायला असतो, तळापासून भरायला नाही.

माझ्या डायनमोचे कार्बन, म्हणजे आतले ब्रश, झिजले होते. वायरमननं तासाभरात बदलून दिले आणि मीटरवर 14.2 दाखवलं. मग म्हणाला, "जुनी बॅटरी आणा की, चार्ज करून बघू, चांगली असंल." ती मी नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून दुकानातच सोडून आलो होतो.