बालसेवी संस्थांतील लैंगिक अत्याचार-प्रतिबंध

शाळा, वसतिगृहे, आश्रमशाळा, बालगृहे, क्रीडा केंद्रे यांसारख्या संस्थांत मुलांवर लैंगिक अत्याचार होऊ नयेत म्हणून करावयाची नियमबद्ध व्यवस्था.

या व्यवस्थेचा आरंभ निश्चित सांगणे कठीण आहे. ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ ही बालवीर संघटना लैंगिक गैरवर्तन इत्यादी कारणांनी अपात्र ठरविलेल्या स्वयंसेवकांच्या नोंदी साधारणतः १९२० च्या सुमारापासून ठेवीत असल्याने आरंभ तेथे धरता येईल. परंतु या नोंदी गोपनीय राहिल्या, आणि त्यांतील मोठा भाग २०१२ मध्ये ऑरेगन राज्यातील न्यायालयाच्या आदेशाने उघड झाला. पालकांना व पोलिसांना न दाखविलेल्या यादीला प्रतिबंध म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहॉर यांनी १९८४ मध्ये मांडलेला चार पूर्वअटींचा सिद्धांत हा अधिक भक्कम आधार होय. अत्याचार घडण्यासाठी करणाऱ्याची प्रवृत्ती, त्याच्या मनातील अटकाव सुटणे, बाहेरचा अटकाव दूर होणे आणि मुलाचा प्रतिकार मोडणे या चारही गोष्टी जुळून याव्या लागतात. यांपैकी तिसरी बाब संस्थेच्या थेट हाती असते. चारित्र्य पडताळणीत केवळ पूर्वी नोंद झालेला गुन्हेगार सापडतो. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही तो सहज निसटतो. म्हणून प्रशिक्षकाच्या खोलीच्या दाराला काच असणे, एका मुलाबरोबर एकच प्रौढ बंद खोलीत न राहणे, रात्री मुलांना खाजगी संदेश न पाठविणे हे साधे दिसणारे नियम अधिक मोलाचे ठरतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या २००७ च्या मार्गदर्शिकेतही कर्मचारी व स्वयंसेवक यांच्या निवडीच्या बरोबरीने वर्तननियम, देखरेख व सुरक्षित जागा यांचा विचार आहे.

भारतात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) हा मुख्य आधार असून २०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कायम व कंत्राटी अशा सर्वच कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक केली आहे. कलम १९ नुसार, गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्याप्रमाणेच तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्यानेही पोलिसांना कळविणे आवश्यक आहे. हाताखालील व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती न देणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. राजुरा (जि. चंद्रपूर) येथील वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थिनींवरील अत्याचारांच्या प्रकरणात, पोलिसांना न कळविल्याबद्दल मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध नोंदलेला गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरविला आणि तत्काळ माहिती देण्यास अत्यंत महत्त्व असल्याचे स्पष्ट केले.